नाक मुरडण्यापूर्वी

मराठीचा प्राध्यापक अद्भुत कादंबऱ्या वाचतो म्हटले, की विद्वान मंडळी नाक मुरडतात. मुरडोत बिचारी! यंदाच्या पावसाळ्यात तामलवाडीच्या घरी मी अशी तीन पुस्तके वाचली. त्यांचाच हा जमाखर्च.

हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. बाबा पदमनजींनी १८५७ सालीच 'यमुनापर्यटना'त विधवांचे खरे हाल मांडले होते. पण मराठी कादंबरी पुढे बराच काळ चालली ती हळब्यांच्या वाटेने. आज मात्र ती जड भाषा आणि ते योगायोग सोसवत नाहीत. चाळीस पानांत जांभई येते.

नाथमाधवांचा 'वीरधवल' हातातून सुटत नाही. १९०५ साली सिंहगडावरून पडून लेखकाचे कमरेखालचे अंग लुळे पडले होते. ज्याला पाऊल उचलवत नव्हते, त्याची कल्पना केवढी दौडली!

तिसरे, नारायण धारपांचे 'लुचाई'. बीज स्टीफन किंगच्या १९७५ च्या कादंबरीचे, भीती मात्र अस्सल आपली. पिशाच्च गावात शिरते आणि एकेक घर ओस पडते. आमच्या भागातली पोरे पोटासाठी पुण्यामुंबईला गेली, मागे दारांना कुलपे लागली. ओस गाव म्हणजे काय, हे आम्हांला पुस्तकाने शिकवावे लागत नाही.

अद्भुत म्हणजे निव्वळ थापा, हा आक्षेप म्हणूनच मला पटत नाही. भूत खोटे असेल. भीती खरी असली म्हणजे झाले. वाचकहो, फराळाच्या ताटाशेजारी 'लुचाई' ठेवून पाहा. पणती तेवढी विझू देऊ नका!