टिकटिक कुठून येतेय?

मस्टँगची रील तुमच्यापैकी प्रत्येकाने बघितली असणार. गाडी उभीच असते, ड्रायव्हर नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबतो आणि कानात हेडफोन असेल तर छातीपर्यंत गुरगुर जाते. अमेरिकेत 1964 साली पाँटिअ‍ॅकने मध्यम आकाराच्या गाडीत 6.4 लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवून 'जीटीओ' काढली. त्याच वर्षी मस्टँग आली. या जातीच्या गाड्यांना पुढे 'मसल कार' म्हणू लागले.

आता आपल्या धाराशिवात मस्टँग कुठून येणार? पण त्या गुरगुरीचं शास्त्र शिकायला तिची गरजही नाही. तुमच्या गावात कुणाच्या तरी वाड्यामागे, कडब्याच्या गंजीशेजारी एखादी जुनी पेट्रोल जीप उभी असेलच. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, तिचीच ही पिलावळ. आत 'हरिकेन' नावाचं चार सिलिंडरचं, 2.2 लिटरचं इंजिन. बऱ्याच जणांनी ते काढून डिझेल बसवलं, पण मूळ इंजिनवाल्या जीप अजून सापडतात.

या इंजिनाच्या कुशीला एक ओबडधोबड, गंजलेला बिडाचा तुकडा असतो. तो एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. चारही सिलिंडरचा जळका धूर गोळा करून एका नळीत ढकलायचा, एवढंच त्याचं काम. मस्टँगला असे दोन असतात, चार-चार सिलिंडरचा एकेक. शर्यतवाले बिडाचा काढून प्रत्येक सिलिंडरला वेगळी लांब नळी असलेला 'हेडर' बसवतात, म्हणजे एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. आणि ती प्रसिद्ध गुरगुर? शेवरलेच्या जुन्या आठ सिलिंडरच्या इंजिनात स्फोटांचा क्रम 1-8-4-3-6-5-7-2 असा असतो. एका बाजूला विषम आकड्यांचे सिलिंडर, दुसऱ्या बाजूला सम. क्रम नीट वाचा: 8 नंतर लगेच 4, 5 नंतर लगेच 7. म्हणजे एकाच बाजूला लागोपाठ दोन ठोके पडतात, मग थोडी उसंत. ही अडखळ म्हणजे ती गुरगुर. जीपमध्ये 1-3-4-2, सगळे ठोके सारख्या अंतरावर. त्यामुळे सायलेन्सर कापून जीपची काय, बुलेटचीही मस्टँग होत नाही. होतो तो फक्त दंड. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) प्रमाणे तो 10 हजारांपर्यंत जातो आणि तीन महिने लायसनही हातचं जातं.

मला या तुकड्याची ओळख झाली ती तुळजापूरच्या वाटेवर. नवरात्र होतं, भूमहून मामाच्या जीपमध्ये आम्ही नऊ जण. पाऊस लागला म्हणून ताडपत्री खाली सोडून बांधून टाकली. धाराशिव यायच्या आत मागे बसलेल्या पोरांचं डोकं दुखायला लागलं, आत्याला मळमळायला लागलं. गाडी लागली म्हणून सगळ्यांच्या हातात लिंबू दिलं. धाकटा मावसभाऊ झोपून गेला आणि हलवलं तरी उठेना, तेव्हा मामाने गाडी बाजूला घेतली आणि ताडपत्री फाडल्यासारखी उघडली. मोकळ्या हवेत दहा-पंधरा मिनिटांनी त्याने डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने बॉनेट वर केलं, मॅनिफोल्डच्या कडेला काजळीचा पट्टा दाखवला आणि म्हणाला, "ह्यो बघा तुमचा लिंबू."

फटीतून कार्बन मोनॉक्साइड येत होता. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. जुन्या कार्बोरेटरच्या इंजिनाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो, म्हणजे तो वाटेत कुठे जळतही नाही. म्हणून जीप चालू करून बघायची असेल तर शेडचं दार बंद ठेवून अजिबात नको, थंडी असली तरी.

फट आहे हे ओळखायचं कसं? सकाळी थंड इंजिन चालू करा. 'टिक-टिक-टिक' असा बारीक आवाज येतो आणि पाच-दहा मिनिटांत कमी होतो. कमी झाला म्हणून खूश होऊ नका. बीड तापून फुगलं आणि फट तात्पुरती मिटली, एवढंच. साधारण 40 सेंटिमीटरचा मॅनिफोल्ड 500 अंशांनी तापला की दोन मिलिमीटरच्या वर लांब होतो. दररोज असा ताणला-आखडला जातो, म्हणून टोकाचे स्टड आधी तुटतात. आवाजाची जागा शोधायला रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं फिरवत न्या. पंख्यापासून मात्र नळी आणि हात दोन्ही लांब.

खोलायची घाई हा पोरांचा मोठा दोष. माझाही होता. तीस वर्षं गंजलेल्या नटाला लांब पाना लावून झटका दिला की स्टड इंजिनात अर्धा राहतो आणि मग खरं काम सुरू होतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी परत मारा. इंजिन थंड हवं. नट थोडा सैल, थोडा घट्ट, परत सैल असा खेळवत काढा. तरी तुटलाच, तर वर दिसणाऱ्या तुकड्यावर नवा नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेने गंज सुटतो आणि नटासकट तुकडा फिरून बाहेर येतो. आतच तुटला असेल तर मधोमध पंच मारून ड्रिल. ते जमत नसेल तर लेथवाल्याकडे जा, त्यात कमीपणा नाही.

मॅनिफोल्ड हातात आला की जुनं पॅकिंग खरवडून काढा आणि वर पोलादी पट्टी उभी धरा. खालून उजेड दिसला की तो वाकलाय. वाकलेला तसाच बसवून बोल्टने ओढायचा प्रयत्न केलात तर बीड तडकेल, कारण ते वाकत नाही, तुटतं. लेथवर तोंड सपाट करून आणा. तडा असेल तर 'वेल्ड मार' म्हणून मोकळे होऊ नका. बिडाला आधी सगळीकडून गरम करून, निकेलच्या रॉडने वेल्ड करून, सावकाश थंड करावं लागतं. नाहीतर शेजारीच नवा तडा जातो.

बसवताना पॅकिंग नवंच. जुनं उलटं करून बसवणारे बहाद्दर भेटतील, त्यांना चहा पाजा आणि लांब ठेवा. स्टडला तांब्याची पेस्ट, नट शक्यतो पितळी, कारण ते गंजून अडकत नाहीत. सगळे नट आधी हातानेच फिरवा. मग मधल्यापासून सुरू करून एक डावा, एक उजवा असं टोकांकडे जा. एका दमात नाही, तीन फेऱ्यांत. शेवटची फेरी टॉर्क पान्याने, त्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला. टोकाच्या नटांवर सगळा जोर काढू नका, तिथेच बिडाला सरकायला जागा लागते.

जीप 50 वर्षांहून जुनी असेल तर एक कागदी गोष्टही बघा. 2021च्या नियमांनुसार अशी गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते, पण इंजिन, चासी, बॉडीत मोठी फेरफार झालेली चालत नाही. म्हणजे हरिकेन काढून टाकलेल्या जीपचा दावा तिथेच लंगडा पडतो. नोंदणीला 20 हजार रुपये लागतात आणि रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही.

सगळं बसलं की चालू करून चांगली तापवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि सगळे नट परत एकदा घट्ट करा. ही दुसरी फेरी बहुतेक जण विसरतात. आमच्या मिस्त्रीने मामाला दुसऱ्या दिवशी त्यासाठीच परत बोलवलं होतं, आणि मामा कुरकुरत का होईना, गेला होता.