सोनेरी उडालं म्हणजे बॅग नकली?

जुन्या परदेशी बॅगेच्या बक्कलवरचं सोनेरी झिजून खालचं पांढरट दिसू लागलं, की कोणीतरी निकाल देऊन मोकळं होतं : 'मावशीला फसवलं. अस्सल असती तर रंग गेला नसता.' हे वाक्य घरात ऐकू येतं, चेन बदलून देणाऱ्याच्या टपरीवर ऐकू येतं आणि जुन्या बॅगांचा धंदा करणाऱ्यांकडूनही ऐकू येतं. यांतल्या शेवटच्यांना तरी कळायला हवं. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या कपाटांमध्ये ऐंशी-नव्वदच्या दशकांत अमेरिकेहून किंवा आखातातून नातेवाइकांनी आणलेल्या अशा बॅगा आजही आहेत. २०२३ मध्ये बीकेसीत जिओ वर्ल्ड प्लाझा हा मॉल सुरू झाल्यापासून नव्या बॅगांच्या किमती डोळ्यांसमोर आल्या आणि जुन्या बॅगांकडे लोक पुन्हा पाहू लागले. नेमक्या याच वेळी हा गैरसमज महागात पडतो. नकली ठरलेली बॅग कवडीमोलाने जाते, नाहीतर लाजेपोटी तिचं बक्कल घासून, पुन्हा मुलामा चढवून 'नवं' केलं जातं आणि ती अस्सल असल्याचा पुरावाच त्यात पुसला जातो.

मुळात हे भाग सोन्याचे नसतात. आतला गाभा बहुधा पितळेचा, म्हणजे तांबं आणि जस्ताचा असतो किंवा झमॅक या जस्ताच्या मिश्रधातूचा. त्यावर बहुतेकदा निकलचा थर असतो आणि सर्वांत वर सोन्याचा. हा शेवटचा थर किती पातळ असतो हे कळलं, की अर्धा वाद तिथेच संपतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दागिन्यांसाठी घालून दिलेल्या नियमांनुसार विद्युत-मुलामा म्हणवून घ्यायला सोन्याचा थर किमान ०.१७५ मायक्रॉन हवा, आणि 'हेवी' मुलाम्यासाठी २.५ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे एका केसाच्या जाडीत पहिल्या प्रकारचे ४०० थर बसतील आणि 'हेवी' म्हणून मिरवणारेही २८ बसतील. शनेलच्या जुन्या बॅगांवर २४ कॅरेटचा मुलामा असे आणि २००८च्या आसपास ती पद्धत थांबली, असं जुन्या बॅगांच्या व्यापारात सर्वसाधारणपणे मानलं जातं. पण २४ कॅरेट हा शुद्धतेचा आकडा आहे, जाडीचा नव्हे. उलट शुद्ध सोनं मऊ असतं, म्हणून ते लवकर झिजतं. रोज विरार लोकलच्या गर्दीत दांड्याला घासणारी साखळी वीस वर्षांनी पांढरी पडली, तर त्यात संशयास्पद काहीच नाही. ती तशी पडली नसती तर एक वेळ प्रश्न विचारला असता.

घर्षणाच्या जोडीला आपली हवा आहे. सांताक्रूझ वेधशाळेत एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो. पावसाळाभर हवेतली आर्द्रता चढी राहते आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं. पातळ मुलाम्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यांतून खारट ओलावा आत शिरला, की सोनं आणि खालचा धातू यांच्यात बारीकशी विद्युत-रासायनिक घटमाळ सुरू होते. सोनं स्वतः शाबूत राहतं आणि खालच्या निकल-पितळेला मात्र अधिक वेगाने गंजायला लावतं. म्हणजे वरचा थर अस्सल सोन्याचा असल्यामुळेच खालचा धातू जास्त खाल्ला जातो. कडीच्या कडेला जमणारा हिरवा, मेणचट थर हा आणखी एक बदनाम प्रकार. तो दिसला की 'सडली' म्हणून बॅग बाजूला पडते. चामडं कमावताना त्यात मुरवलेली तेलं आणि चरबी पितळेतल्या तांब्याशी संयोग पावतात, त्यातून हा थर तयार होतो. कॅनडाच्या संवर्धन संस्थेने संग्रहालयांसाठी काढलेल्या मार्गदर्शक टिपणांत चामडं आणि तांब्याचे मिश्रधातू एकत्र असलेल्या वस्तूंवर तो आढळतो, असं स्पष्ट म्हटलं आहे. हिरवा थर सांगतो ते एवढंच, की इथे खरं चामडं आणि तांबं असलेला धातू वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून आहेत.

यावर नेहमीचा आक्षेप असा : लाखांच्या बॅगेवर कंपनीने जाड मुलामा का देऊ नये? द्यावा, पण जाड थरही मऊच राहणार आणि घासणारी जागा घासणारच. बावीस कॅरेटच्या भरीव बांगडीचंही वजन वर्षांगणिक घटतं, हे प्रत्येक सोनाराला ठाऊक आहे. दुसरा आक्षेप : अमक्या काकूंची बॅग तीस वर्षांची आहे, तिला काहीच कसं झालं नाही? ती वर्षातून दोन लग्नांना बाहेर येत असेल, किंवा तिच्या मुलाम्यावर पारदर्शक लॅकर टिकून असेल. त्यावरून दुसऱ्या बॅगेचा निवाडा करता येत नाही. आणि एक गोष्ट तर हा गैरसमज पुरता उलटा करते. आज टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर निर्वात कक्षात चढवण्याचं तंत्र सर्रास उपलब्ध आहे. त्यात सोन्याचा कणही नसतो, पण तो सोन्यापेक्षा कितीतरी कठीण असतो. गेल्या वर्षी बनलेल्या नकली बॅगेचं बक्कल त्यामुळे दहा वर्षं झळकत राहील आणि १९८५ची अस्सल बॅग शेजारी फिकी दिसेल. 'रंग टिकला म्हणजे अस्सल' या कसोटीवर नकलीच पहिली येईल!

मग पाहायचं काय? दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग घ्या आणि बक्कलच्या सर्वांत झिजलेल्या कोपऱ्यावर धरा. झीज खरी असेल तर तिथे नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखी वलयं दिसतात : मध्ये पितळेचं तांबूस-पिवळं, त्याभोवती निकलचा पांढराशुभ्र काठ आणि त्याबाहेर उरलेलं सोनं. रंग एकातून दुसऱ्यात हळूहळू उतरत जातो, कारण प्रत्येक थर वर्षानुवर्षं बोटांनी, कापडाने, घामाने झिजवलेला असतो. नुसता सोनेरी रंगाचा लॅकर मारलेला असेल तर तो सालीसारखा सुटतो, कड पायरीसारखी तुटक दिसते. मध्ये राखाडी धातू दिसला आणि पृष्ठभागावर फोड आले असतील तर गाभा बहुधा झमॅकचा आहे. मात्र इथेही घाई नको. झमॅक १९२०च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सी झिंक कंपनीने विकसित केला आणि साच्यात बारीक नक्षी उत्तम उतरते म्हणून नामांकित घराण्यांनीही तो वापरला आहे. कोणत्या घराण्याने, कोणत्या काळात, कोणत्या मॉडेलला कोणता धातू वापरला, अक्षरं कशी कोरली, ती धारदार आहेत की साच्यातून आल्यासारखी गोलसर, स्क्रू कसला, मागची पट्टी कशी, या सगळ्या खुणा एकमेकींशी जुळतात का, हे तपासावं लागतं. एका खुणेवर निकाल देणारा माणूस परीक्षक नव्हे.

बाकीचे समज थोडक्यात निपटता येतील. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे अस्सल, हा त्यांतला सर्वांत लोकप्रिय. पण पितळेला चुंबक चिकटत नाही तसा झमॅकलाही चिकटत नाही, आणि चिकटलाच तर आत पोलादी स्प्रिंग, चुंबकाचं टिचबटण किंवा निकलचा जाड थर असू शकतो, जे अस्सल बॅगेतही असतं. वजनावरून भाग पितळेचा (घनता साधारण ८.५) की झमॅकचा (६.६) याचा अंदाज येतो, बॅग कोणी बनवली याचा नाही. वायकेके १९३४ साली जपानमध्ये सुरू झालेली कंपनी आहे आणि तिच्या चेन स्वस्त दप्तरांपासून महागड्या बॅगांपर्यंत सगळीकडे असतात, त्यामुळे रनरवर तिचं नाव दिसलं म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. लुई व्हितॉंच्या हँडबॅगेच्या छोट्या कुलपावरचा आकडा बॅगेचा क्रमांक नसून कोणती किल्ली लागेल ते सांगणारा आकडा आहे, आणि तोच आकडा असंख्य कुलपांवर असतो. आपल्याकडचा बीआयएस हॉलमार्क सोन्या-चांदीच्या दागिन्यांसाठी आहे, बॅगेच्या कडीवर तो शोधू नका.

आता दुरुस्तीकडे, कारण खरं नुकसान तिथेच होतं. 'पितळच आहे ना, चिंच लावून घासा' हा सल्ला तांब्या-समईसाठी योग्य आहे. ती भांडी आरपार पितळेची असतात, घासून एक थर गेला तरी खाली तेच पितळ निघतं. बॅगेवरच्या मुलाम्याला मात्र खाली दुसरं सोनं नाही. चिंचेतलं टार्टारिक आम्ल, लिंबू, भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट, बेकिंग सोडा यांपैकी काही खालचा धातू खातात, काही वरचा थर खरवडतात. झमॅक उघडा पडला असेल तर जस्त आम्लात सरळ विरघळू लागतं. पितळेवरही आम्ल फार वेळ राहिलं तर जस्त निघून जातं आणि धातू गुलाबी दिसतो, जो 'स्वच्छ झाला' असं समजून लोक खूश होतात. शिवाय शेजारी चामडं आहे. त्यावर पडलेला ओला डाग पुन्हा निघत नाही. न घासण्याच्या या नियमाला अपवाद आहे आणि तो सांगायलाच हवा. डिझायनर बॉनी कॅशिन यांनी १९६०च्या दशकात कोच कंपनीसाठी जे फिरकीचं कुलूप आणलं (मोटारीच्या कापडी टपाच्या खिट्टीवरून त्यांना ते सुचलं), ते आणि त्या काळातले कोचचे इतर भाग मुलामा नसलेल्या भरीव पितळेचे असत. ते काळवंडतात आणि हलक्या हाताने उजळवता येतात. म्हणून आधी भिंग, मग फडकं.

भरीव पितळ असलं तरी अमोनिया असलेलं पॉलिश टाळावं. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेल्या पितळी काडतुसांची टरफलं आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळ ओढून आकार देताना त्यात राहिलेला ताण या तिघांचा तो परिणाम होता. १९२१ मध्ये त्याचा सविस्तर उलगडा प्रसिद्ध झाला. बॅगेच्या वाकवून बनवलेल्या कड्या आणि हुक याच जातीचे ताणलेले भाग आहेत, आणि पट्ट्याचा सगळा भार त्यांच्यावर असतो.

राहिला नव्याने मुलामा चढवण्याचा मोह. आपल्या उपनगरांत तो पुरा करणं अवघड नाही. मालाडला इमिटेशन दागिन्यांचा मोठा व्यवसाय आहे, अंधेरीत १९७३ साली स्थापन झालेल्या सीप्झमध्ये निर्यातीचे दागिने बनतात आणि मुलाम्याचं कसब असलेले कारागीर इथे आहेत. त्यांच्या कौशल्याबद्दल शंका नाही. पण मुलाम्याआधी भाग बफिंगवर धरावा लागतो आणि त्यात कंपनीच्या कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट होतात. मग तोच भाग पुढच्या परीक्षकाला साच्यातून काढलेल्या नकलेसारखा दिसतो. सोन्याच्या हौदात बहुधा सायनाइडचे क्षार असतात, म्हणून भाग चामड्यापासून सोडवल्याशिवाय काम करूच नये. सोडवायचा म्हणजे मूळ रिव्हेट तोडायचे, मूळ शिलाई उसवायची. झमॅक असेल तर आधी तांब्याचा थर द्यावा लागतो, तो चुकला की वर्षभरात फोड येतात. बॅग विकायची नसेल, रोज वापरायची असेल आणि झीज खरोखर खुपत असेल, तर जरूर करून घ्या. पण विकण्याआधी 'किंमत वाढेल' म्हणून केलेला मुलामा किंमत घटवतोच, आणि तो खरेदीदाराला न सांगणं सरळ अप्रामाणिकपणा आहे.

बहुतेक बॅगांना याहून फार कमी लागतं. कडीखाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवावी म्हणजे चामडं झाकलं जातं. हिरवा थर कोरड्या लाकडी काडीने अलगद उचलावा, धातूची सुई वापरू नये. मग कापसाचा बोळा डिस्टिल्ड पाण्यात जेमतेम ओला करून मळ टिपावा आणि लगेच कोरडं करावं. शेवटी सूक्ष्म-स्फटिकी मेणाचा अगदी पातळ हात द्यावा. ब्रिटिश म्युझियममध्ये १९५०च्या दशकात तयार झालेलं आणि आजही संग्रहालयांत वापरलं जाणारं रेनेसाँ वॅक्स त्यासाठीच आहे. अडकणाऱ्या धातूच्या चेनला मेणबत्ती किंवा शिसपेन्सिल पुरते, तेल नको, ते कापडात उतरतं. पावसाळ्यात बॅग प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, सुती पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि साखळी चामड्याला टेकू नये म्हणून मध्ये मऊ कागद घालावा. तडकलेली कडी किंवा ढिला झालेला हुक मात्र मूळ आहे म्हणून जपत बसू नये, पट्टा तुटून बॅग रुळांवर पडण्याआधी तो भाग बदलावा. काढलेला मूळ भाग फेकू नका. तारीख लिहून बॅगेच्या आतल्या खिशात ठेवा. बॅग पुढे कधी तपासायची वेळ आली तर परीक्षकाला नव्या कडीतून काहीच कळणार नाही, त्या तुटक्या कडीवरच्या थरांतून मात्र बरंच कळेल.