भरणे आणि उपसणे

उमरग्याकडचा असो वा कळंबकडचा, अर्धी हयात शेतात घालवलेला वृद्ध चार पायऱ्या चढताच धापा टाकू लागला, की घरची मंडळी त्याच्या हृदयाची ‘टूडी’ (इको तपासणी) काढण्यासाठी २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असलेले धाराशिव, नाहीतर सोलापूर-लातूर गाठतात, आणि अहवालात ‘पंपिंग साठ टक्के’ असा शेरा वाचून निर्धास्त होतात. दम मात्र लागायचा तो लागतच राहतो. कारण हा आकडा भरलेल्या रक्तापैकी किती बाहेर गेले एवढाच हिशेब देतो. ते मुळात भरले कसे, याची दखल तो घेत नाही.

विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे निराळे सांगणे नलगे: बैल कितीही तगडे असोत, कातडे ताठरून मोट पुरती बुडालीच नाही, तर थारोळ्यात पाणी पडावे कुठून? हृदयाचा खालचा डावा कप्पा, म्हणजे निलय, प्रत्येक ठोक्यानंतर सैल व्हावा लागतो, आणि आकुंचनासाठी सुटलेले कॅल्शियम पेशीतील कोठारात परत ओढून नेण्यास ऊर्जा लागत असल्याने हे सैल होणेही मेहनतीचेच काम ठरते. वार्धक्य, जुनाट रक्तदाब आणि मधुमेह यांचा उपद्रव पुष्कळदा प्रथम इथेच जाणवतो.

भरणीचा दाब जाणण्यासाठी पूर्वी रक्तवाहिनीतून नळी हृदयापर्यंत सरकवावी लागे. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी श्राव्यातीत ध्वनीचे हृदयावरून येणारे प्रतिध्वनी टिपले, आणि डॉपलरने १८४२ मध्ये मांडलेल्या तत्त्वाची त्यास पुढे जोड मिळाल्यावर रक्ताचा वेगही बाहेरूनच मोजता येऊ लागला. डाव्या कुशीवर निजलेल्या रुग्णाच्या छातीवर थंडगार जेली लावून यंत्राची मूठ टेकवली, की पडद्यावर दर ठोक्यास दोन शिखरे उमटतात: झडप उघडताच आत धावणाऱ्या रक्ताचे पहिले, आणि वरच्या कप्प्याने, अलिंदाने, शेवटी दिलेल्या रेट्याचे दुसरे. तारुण्यात पहिले उंच असते. उतारवयात ते खुजे होते, आणि अहवालात ‘ग्रेड वन’ असे लिहून येते. साठी उलटलेल्यांत हा शेरा इतका सर्रास आढळतो, की धाप-सूज काहीच नसताना त्यावरून हाय खाणे मला तरी अनाठायी वाटते.

खरी मेख पुढेच आहे. विकार बळावून अलिंदातील दाब चढला, की पहिले शिखर पुन्हा उंचावते आणि चित्र हुबेहूब तरुणाचे दिसू लागते! हे सोंग उघडे पाडण्यासाठी डॉक्टर रुग्णास नाक-तोंड मिटून जोर करावयास सांगतात, शिवाय झडपेच्या कड्याजवळील स्नायूचा स्वतःचा वेगही मोजतात. रक्त वेगाने येते पण स्नायू मंद हलतो, आणि या दोहोंचे गुणोत्तर १४ च्या वर गेले, म्हणजे दाब वाढल्याचा संशय बळावतो. शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे ३४ मिलिलिटरहून अधिक फुगलेले अलिंद त्यास दुजोरा देते.

मग रक्तदाब काबूत ठेवणे आणि लघवीवाटे पाणी उतरवणाऱ्या गोळ्या हा उपचार जुनाच. मूळ मधुमेहावरची एम्पाग्लिफ्लोझिन अशा रुग्णांचे इस्पितळात दाखल होणे कमी करते, असे २०२१ साली दिसून आल्यापासून डॉक्टर तीही लिहून देऊ लागले आहेत.