आधी किंमत, मग लस

मेसच्या टेबलावर एकदा बिल गेट्सवरून वाद पेटला. एक पार्टी म्हणे, एवढा पैसा असल्यावर दान कोणीही करेल. दुसरी म्हणे, पण हा करतो तरी! मी गप्प, कारण माहिती शून्य. नंतर एका लसीबद्दल वाचलं आणि वाटलं, हे आपल्या सिलॅबसमध्येच हवं होतं.

आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरडे, धुळीचे वारे सुटले की मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या रोगाची साथ यायची. १९९६-९७ मध्ये सुमारे अडीच लाख लोक आजारी पडले, २५ हजार गेले. वाचलेल्यांतले कित्येक बहिरे झाले. मुख्य गुन्हेगार एकच जंतू, मेनिंगोकॉकस 'ए'.

लस नव्हती असं नाही. पण ती जंतूच्या साखरेच्या कवचाची होती, आणि तान्ह्या मुलांचं शरीर नुसत्या साखरेला फारशी दाद देत नाही. मोठ्यांतही तिचा असर काही वर्षांत उतरायचा. उपाय माहीत होता: ही साखर एखाद्या प्रथिनाला जोडायची, मग शरीर ती लक्षात ठेवतं. दुसऱ्या गटांसाठी श्रीमंत देशांत अशा लसी निघाल्याही. 'ए' साठी कोण बनवणार? गिऱ्हाईकच गरीब!

२००१ मध्ये गेट्स फाउंडेशनने ७ कोटी डॉलर दिले आणि 'पाथ' ही संस्था व जागतिक आरोग्य संघटना यांचा संयुक्त प्रकल्प उभा राहिला. प्रमुख होते डॉ. मार्क लाफोर्स. तिकडच्या देशांनी सांगितलं, डोस ५० सेंटच्या आत हवा. आपण प्रोजेक्टचं कॉस्टिंग सबमिशनच्या आदल्या रात्री करतो (खोटं नाही!), इथे किंमत हीच पहिली स्पेसिफिकेशन. बड्या कंपन्यांशी जमलं नाही. काम घेतलं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने. साखर जोडायची पद्धत अमेरिकेच्या एफडीएतल्या शास्त्रज्ञांची, आणि प्रथिन धनुर्वाताच्या लसीतलं, जे सीरम बनवतच होती.

म्हणजे फाउंडेशनचा पैसा गेला तो चाचण्यांवर आणि फसण्याच्या जोखमीवर. ती जोखीम ना कंपनी घेत होती, ना गरीब देशाचं सरकार. माझ्या मते दानाचा खरा उपयोग इथे झाला.

६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. साधारण १० दिवसांत १ कोटीवर लोकांना लस मिळाली. २०१२ मध्ये ही लस ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस बर्फाविना न्यायला परवानगी मिळाली. ज्या गावात वीज नाही तिथे बर्फाच्या पेट्या वाहणं किती जिकिरीचं, याची कल्पना करा. पट्ट्यात २०१७ नंतर 'ए' च्या रुग्णाची नोंद नाही.

मेसमधल्या पहिल्या पार्टीचा मुद्दा मात्र मी पुरता सोडलेला नाही. कोणता रोग आधी, हे निवडून न आलेला एक माणूस का ठरवणार? शिवाय 'ए' गेला तरी बाकीचे गट होतेच; २०१५ मध्ये नायजरमध्ये 'सी' ची मोठी साथ आली. त्यावर सीरम आणि पाथनेच पाच गटांवरची लस केली. ती नायजेरियात २०२४ मध्ये प्रथम मोहिमेत वापरली गेली. तिच्यासाठी मुख्य पैसा ब्रिटिश सरकारचा होता, आणि ५० सेंटांत मात्र ती बसत नाही.