चाँदरातीची काळी मेहंदी

चाँदरातीला मेहंदीच्या कोनवाल्याकडे एक मागणी हमखास असते : "लवकर चढणारी द्या, काळीभोर." पण अर्ध्या तासात काळा रंग देणारी मेहंदी निव्वळ पानांची असूच शकत नाही. पानांमध्ये लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. ते कातडीत मुरायला काही तास लागतात. रंग आधी केशरी येतो, एक-दोन दिवसांत गडद तपकिरी होतो. काळा होत नाही.

काळेपणासाठी बहुतेक वेळा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायमिन मिसळतात. हे केसांच्या डायमधले रसायन. युरोपात केसांवर लावताना त्याचे प्रमाण २ टक्क्यांपुढे जाऊ देत नाहीत, आणि कातडीवर नक्षी काढायला तर परवानगीच नाही. काळ्या मेहंदीच्या काही नमुन्यांत ते १५ टक्क्यांहून जास्त निघाले आहे.

फसगत अशी, की पहिल्या ईदेला बहुधा काहीच होत नाही. शरीर त्या रसायनाची ओळख धरून ठेवते. पुढच्या वेळी मात्र दोन-तीन दिवसांत, नक्षी असेल तिथेच, खाज, सूज आणि पाण्याने भरलेले फोड. "मागच्या वर्षी तर काही झाले नव्हते," असे अम्मी सांगते ते खरेच असते.

ही ॲलर्जी सहसा जन्मभर सोडत नाही. लहानपणी हात उठलेली मुलगी पुढे केसांना डाय लावते आणि पापण्या सुजून डोळे उघडत नाहीत. दाढीला काळा खिजाब लावणाऱ्या अब्बांनाही हेच लागू. (खिजाबाचा मसला उलेमांना विचारावा, इथे गोष्ट फक्त कातडीची.) अशा कातडीला पाबा असलेले सनस्क्रीन आणि बेंझोकेनचे बधिर करणारे मलमही बाधू शकते, कारण ही रसायने पीपीडीच्या नात्यातली. आजच्या बहुतेक सनस्क्रीनमध्ये पाबा नसतो. त्यांत त्रास देतात ती जास्त करून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टोक्रिलीन, आणि तोही अनेकदा ऊन लागल्यावर. झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन सहसा सोसते.

फोड आलेच तर फोडू नका, टूथपेस्ट लावू नका, डॉक्टरांना दाखवा. चेहरा सुजला किंवा श्वास अडखळला तर थेट दवाखाना गाठा. नंतर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्या आणि निघालेले नाव चिठ्ठीवर लिहून मुलीच्या कागदपत्रांत ठेवा. डाय किंवा क्रीम घेताना डब्यावरचे बारीक अक्षर त्या चिठ्ठीशी ताडून पाहता येते.