चवळी : ताटातील आणि गोठ्यातील

भिलाईच्या सिविक सेंटर परिसरात बदलीवर आलेल्या पुणेकराने भाजीवाल्याकडे ‘चवळीच्या शेंगा’ मागितल्या, तर जुडी समोर असूनही भाजीवाला गोंधळतो. येथे तिचे नाव बरबट्टी. पोलाद कारखान्यानिमित्त विदर्भातून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांची अशी अडचण होत नाही. त्यांच्याकडेही ती बरबटीच.

चवळी मूळची आफ्रिकेतील. आजही नायजेरिया व नायजर हे तिच्या उत्पादनात अग्रेसर आहेत. वाळलेल्या दाण्यात सुमारे २३ ते २५ टक्के प्रथिने असतात. तांदळात कमी असणारे लायसिन तीत भरपूर असल्याने भात व चवळीची उसळ ही जोडी परस्परपूरक ठरते. कोकणात भातकापणीनंतर उरलेल्या ओलाव्यावर वाल-चवळी घेण्याची रीत जुनी आहे.

एम. कॉम.च्या अभ्यासात ‘संयुक्त उत्पादने’ हे प्रकरण आम्ही खनिज तेलाच्या उदाहरणाने शिकलो. चवळीचे उदाहरण अधिक सोपे झाले असते. शेंगा भाजीला, दाणा उसळीला, पाला गुरांना आणि मुळांवरील गाठींतील जिवाणूंनी हवेतून घेतलेले नत्र जमिनीला. मात्र हे सर्व लाभ एकाच वेळी पूर्णांशाने पदरात पडत नाहीत. सकस हिरवा चारा हवा असेल, तर पीक फुलोऱ्यात असताना, साधारण ५० ते ६० दिवसांनी कापावे लागते. मग दाण्यावर पाणी सोडावे लागते. दाणा पिकू द्यावा, तर वेल निबर होतो.

दुर्ग जिल्हा भाताचा. भाताचे तणस, म्हणजे येथील ‘पैरा’, मुबलक. पण त्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के. तेवढ्यावर गाय जगते, दूध मात्र आटते. चवळीच्या चाऱ्यात शुष्क भाराच्या हिशेबाने १५ टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात. मका किंवा ज्वारीबरोबर मिश्र पेरणी करून, कुट्टी तणसात मिसळून घालावी. नुसती कोवळी चवळी पोटभर दिल्यास पोट फुगण्याचा धोका असतो. साचलेले पाणी या पिकास सोसत नाही, म्हणून धुरा किंवा निचऱ्याची उंच ‘भाठा’ जमीन निवडावी. सिंचन असल्यास फेब्रुवारी-मार्चमध्येही पेरता येते. परंतु भातकापणीनंतर गुरे मोकळी सोडण्याची येथील प्रथा पाहता कुंपणाचा खर्च आधीच धरलेला बरा.

दुग्धव्यवसायाच्या कर्जाचा अर्ज तपासताना गायीची किंमत, विमा, दुधाचा दर हे सारे बारकाईने पाहिले जाते. चाऱ्यापुढे मात्र पुष्कळदा ‘बाजारातून’ एवढाच शब्द असतो. या व्यवसायात सर्वांत मोठा खर्च खाद्याचा, आणि हप्ते ओढाताणीचे होतात ते बहुधा तेथूनच. किसान क्रेडिट कार्डची सोय २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातील घोषणेनुसार पशुपालनाच्या खेळत्या भांडवलासही लागू झाली आहे. तूर, मूग, उडीद, हरभरा व मसूर यांप्रमाणे चवळीला किमान आधारभूत किंमत नाही, त्यामुळे विक्रीसाठी मोठे क्षेत्र पेरताना विचार करावा. घरच्या दोन गायींसाठी राखलेल्या तुकड्यास ही चिंता नाही. त्या तुकड्याचा उल्लेख अर्जात अवश्य करावा.