पोस्टाचे खण आणि संगणकाची मेमरी

विदर्भात सावंगी नावाची गावं बरीच. वर्ध्याला लागून सावंगी मेघे, आणि यवतमाळच्या महागाव तालुक्यात फुलसावंगी. पाकिटावरचं ‘फुल’ पावसाने पुसलं की पत्र भलत्या गावी जायची भीती. एकसारख्या गावनावांचा हा घोळ निस्तरायला टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सहा आकडी पिन कोड आखला. 15 ऑगस्ट 1972 ला तो सुरू झाला. वर्ध्याचे पिन 442 ने सुरू होतात, यवतमाळचे 445 ने. आकडे पाहायचे आणि पत्र त्या खणात टाकायचं.

प्रोग्रामर ज्याला हॅश टेबल म्हणतात, त्याची चाल अशीच आहे. नावावर ठरावीक गणित करायचं, येईल तो आकडा म्हणजे खणाचा नंबर. एक लाख नावं कशीही ओळीने लिहून ठेवली, म्हणजे साधा ॲरे केला, तर एक नाव सापडेपर्यंत सरासरी पन्नास हजार नावं तपासावी लागतात. हॅश टेबलमध्ये बहुतेक वेळा एक-दोन पुरतात.

मग सगळीकडे हॅश टेबलच का वापरू नये? नव्या प्रोग्रामरची इथेच फसगत होते. गावच्या थैलीतून दहा पत्रं निघाली, तर पोस्टमन त्यांच्यासाठी खणांचं कपाट मांडत नाही. हातातल्या हातात चाळतो. संगणकाचंही तसंच. हॅशचं गणित करायला वेळ लागतो, खण मेमरीत दूरदूर विखुरलेले असतात. उलट ॲरे सलग असतो. आजचे बहुतेक प्रोसेसर मेमरीतून एका खेपेला 64 बाइट उचलतात, म्हणजे चार बाइटचे सोळा आकडे एकदमच हाताशी येतात. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये हायब्रिडडिक्शनरी नावाची रचना आहे. नोंदी थोड्या असेपर्यंत ती साध्या यादीवर भागवते, वाढल्या की आपणहून हॅश टेबल होते. मला हा शहाणपणा फार आवडतो.

खण कशावरून पाडायचे, हा प्रश्न त्याहून नाजूक. महागावकडे आडनावाच्या पहिल्या अक्षरावर खण पाडून पाहा: राठोडांचा ‘र’ तुडुंब, ‘ढ’ जवळजवळ रिकामा. पिन शेजारची गावं मुद्दाम एकत्र आणतो, कारण पत्रं एकाच गाडीने जायची असतात. चांगल्या हॅशला नेमकं उलटं करावं लागतं, सारखी नावं लांब फेकावी लागतात. तरीही टक्कर टळत नाही. वर्षाच्या 365 खणांत 23 जणांचे वाढदिवस टाकले, तरी दोघे एकाच खणात यायची शक्यता निम्म्याहून जास्त असते.

टक्कर झाली तर काय करायचं, याचं उत्तर आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी 1953 मध्येच देऊन ठेवलं होतं: एका खणात आलेल्या नोंदी एकामागे एक जोडत जायचं. जावा या प्रोग्रामिंग भाषेतली हॅशमॅप ही रचना आजही तेच करते. एका खणात आठाहून जास्त नोंदी साचू लागल्या तरच रचना बदलते. तोवर त्या खणात असते ती साधी, न लावलेली यादी, पोस्टमनच्या हातातल्या पत्रांसारखी पहिल्यापासून चाळायची.